पडलेल्या झाडाचं जळण: यंदा फोडा, पुढच्या वर्षी जाळा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या दापोली तालुक्यावरून गेलं, तेव्हा आमच्या परड्यातले दोन आंबे, एक जुना ऐन आणि पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या, कडेचा फणस असं सगळं आडवं झालं. वीज कित्येक आठवडे नव्हती. अंगणात जिकडे बघावं तिकडे लाकूड, आणि तरीही आमची चूल धड पेटत नव्हती. आंब्याची ढलपी आत सारली की तिच्या टोकातून पाणी फसफसायचं, घरभर धूर व्हायचा आणि हंडा तासभरानेही कोमटच असायचा. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, तेव्हा एवढंच म्हणाले, "हे लाकूड यंदाचं नाही गं. आता फोडून ठेव, पुढच्या मृगाला जाळ."

त्या वर्षी मी कुऱ्हाड धरायला शिकले. आता दर पावसाळ्याची बेगमी मीच करते, आणि शिकलेलं सगळं त्या एका वाक्यात बसतं. फोडायची घाई करायची, जाळायची नाही. आपण बहुतेक जण नेमकं उलटं करतो. ओंडका वर्षभर गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टेकून पडू देतो आणि पाहुणे आले की घाईने फोडून ओलाच चुलीत घालतो.

हात लावण्याआधी

वादळानंतर पहिली नजर तारांवर टाका. फांदीखाली किंवा पानांत विजेची तार अडकली असेल तर वीज गेलेली असली तरी जवळ जायचं नाही. लाइनमनने येऊन खात्री केल्यावरच कोयता काढायचा.

मग फोटो. झाड जसं पडलं तसं, बुंध्यासकट आणि घर किंवा गडगा दिसेल असं टिपा. नुकसानीचा पंचनामा व्हायचा असेल तर त्याआधी कापाकापी करू नका, तलाठ्यांना कळवा. आपल्या जागेतलं झाड आपलं असलं तरी आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ, खैर, साग, चिंच, मोहा, हिरडा अशी झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. उभं झाड पाडायला परवानगी लागते हे सर्वांना माहीत असतं. पण पडलेल्याचं लाकूड गाडीत घालून दुसऱ्या गावाला न्यायचं असेल तरी आधी वनरक्षकाला विचारा. नाहीतर नाक्यावर गाडी अडली की दिवस जातो.

तीन ठिकाणचं लाकूड वाळून पडलेलं दिसलं तरी उचलायचं नाही. किनाऱ्यावरच्या सुरूबनातलं परवानगीशिवाय नाही. खाडीतल्या कांदळवनातलं अजिबात नाही. आणि देवराईतली काटकीसुद्धा नाही. आमच्याकडे देवराईत पडलेलं झाड तिथेच कुजतं. लहानपणी ते मला वाया गेल्यासारखं वाटायचं. आता वाटतं की गावाच्या झऱ्याला बारमाही पाणी आहे त्यात त्या कुजणाऱ्या ओंडक्यांच्या मातीचाही वाटा आहे. परड्यातही मी एखादा सडलेला, पोकळ बुंधा तसाच उभा ठेवते. धनेशाला घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोलीच लागते, आणि असली लाकडं चुलीत तशीही फक्त धुमसतात.

कुठलं लाकूड ठेवायचं

जड, घट्ट लाकूड हेच चांगलं जळण. कोकणात ऐन आणि किंजळ वरच्या पंगतीतले. त्यांचा निखारा टिकतो, रात्री राखेखाली झाकून ठेवला तर सकाळी फुंकणीने पुन्हा फुलतो. सुरू तर जळणाचा राजा, पण त्याला ओला असतानाच फोडावा लागतो. वाळला की कुऱ्हाड परत पाठवतो. देशावरच्या लोकांकडे बाभूळ आणि धावडा आहेत, त्यांना दुसरं काही शोधायची गरज नाही. जांभूळही चांगलं.

आंबा मधल्या दर्जाचा. लवकर पेटतो, लवकर संपतो, निखारा हलका. पण पडतो तोच सगळ्यात जास्त, म्हणून तोच सगळ्यात जास्त जाळला जातो. त्याला एकच खोड आहे: ओला पडून राहिला तर दोन-तीन महिन्यांत बुरशी धरतो आणि भुंगेरे पोखरायला लागतात. म्हणून चार जातींची झाडं पडली असतील तर आधी आंब्याला हात घाला, ऐन थोडा थांबू शकतो. आंबा कापताना चीक अंगावर उडू देऊ नका, काहींच्या कातडीला तो भाजतो.

पांगारा, काटेसावर, शेवगा ही मऊ, पाणी धरणारी लाकडं. फोडायला सोपी वाटतात म्हणून मोह होतो, पण वाळल्यावर हातात कागदासारखी येतात. पेटवणाला थोडी ठेवा, रास घालू नका. माडाचं खोड तर फुटतच नाही, नुसते तंतू निघतात. पण माडाची चुडतं (वाळलेल्या झावळ्या), पोयी (फुलोऱ्याची आवरणं), सोडणं (नारळाची सालं) आणि करवंट्या म्हणजे पेटवण, ती सगळी गोळा करा. सुपारीच्या विऱ्याही, म्हणजे गळून पडलेल्या पानांचे रुंद देठ.

फणसाचा सरळ बुंधा जाळू नका. दोन माणसांच्या कवेत येणारा फणस पडला असेल तर आधी सुताराला किंवा गिरणीवाल्याला दाखवा. पिवळाधमक गाभा दारं-चौकटींना जातो आणि त्याचे पैसे जळणाच्या कितीतरी पट होतात. फांद्या आणि वाकडे तुकडे जळणाला पुरतात. आमचा फणस मी घाईत तुकडे करून बसले, ते मला अजून लागतं.

आणि आता जे चुलीजवळ येताच कामा नये. बिब्बा, रानबिब्बा: यांचा चीक कातडीवर फोड आणतो, आणि धूर डोळ्यांना, घशाला. कण्हेर: सगळं झाडच विषारी, धूरसुद्धा. खाडीकाठच्या गेव्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाण्याची भीती असते. गावातल्या जुन्या माणसाला झाड ओळखायला बोलवा. साल गळलेलं, पानं नसलेलं लाकूड ओळखता येत नसेल तर ते राशीत घालू नका. रंगवलेल्या जुन्या चौकटी, प्लायवूड, पार्टिकल बोर्ड हेही नाही, त्यांचा धूर अन्नात जातो.

आडवं झाड कापताना

उभं झाड तोडण्यापेक्षा पडलेलं झाड कापणं जास्त धोक्याचं असतं, हे फार कमी जणांना पटतं. पडलेल्या झाडात ताण असतो. वाकून दोन टोकांवर टेकलेली फांदी वरून दबलेली असते आणि खालून ताणलेली. तिला आधी वरून एक तृतीयांश चिरायचं, मग खालून कापत वर यायचं. फांदी एका टोकावर टेकून दुसरं टोक हवेत असेल तर उलट: आधी खालून थोडं, मग वरून. चुकलं तर करवतीचं पातं चिमटीत अडकतं, किंवा फांदी उसळून छातीवर येते.

मुळासकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला की मुळांची ती भिंत आपल्या वजनाने परत खड्ड्यात बसू शकते, आणि उरलेला बुंधा झटक्यात उभा राहतो. त्यामुळे मुळाकडचा पाच-सहा फुटांचा भाग सोडूनच काप घ्या, आणि कापताना खड्ड्यात किंवा मुळांमागे कुणी नाही, विशेषतः मुलं नाहीत, याची खात्री करा. उतारावर ओंडक्याच्या वरच्या अंगाला उभं राहायचं, खालच्या कधीच नाही.

मोठे बुंधे मी पेट्रोलवरच्या कटरवाल्याला देते. दिवसाची मजुरी जाते, पण ते यंत्र शिकल्याशिवाय हातात घ्यायचं नाही या मतावर मी ठाम आहे. फांद्यांना कोयता आणि दोन मुठींची करवत पुरते. कमरेच्या आकडीला कोयता अडकवून झाडावर चढायची सवय असली तरी कापताना पायात गमबूट हवेत, चपला नकोत.

पाला आणि बारीक डहाळ्या तिथेच जाळू नका. पाला कलमांच्या आळ्यात टाका. अंगठ्याएवढ्या डहाळ्यांच्या मोळ्या बांधून पडवीत लावा, त्या पेटवणाला लागतात. उरलेल्या वाळवून पुढच्या उन्हाळ्यात राबाला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला.

तुकड्यांची लांबी आधी ठरवा आणि मग सगळे त्याच मापाचे कापा. चुलीला दीड फूट म्हणजे एक हात बरा पडतो. बंबाला नऊ-दहा इंचांच्या बारीक ढलप्या. मी एक काठी दीड फुटाची कापून खुणेला ठेवते आणि ओंडक्यावर गेरूच्या रेघा मारून मगच करवत लावते. एकसारखे तुकडे रचायला सोपे, आणि रास ढासळत नाही.

फोडणं

न फोडलेला ओंडका फार हळू वाळतो. लाकडातलं पाणी धाग्यांच्या वाटेने टोकांकडून आणि फोडलेल्या अंगाने बाहेर पडतं. साल त्याला अडवते. ऐनाची सुसरीच्या पाठीसारखी जाड साल तर पाणी धरूनच ठेवते. म्हणून मनगटापेक्षा जाड जे असेल ते फोडायचं, आणि सुटेल ती साल काढायची. साल चुलीत चालते, राशीत मात्र तिच्याखाली वाळवी आणि विंचू राहतात.

ठोकळा गुडघ्यापेक्षा बुटका आणि रुंद हवा. उंच ठोकळ्यावर कुऱ्हाडीचा घाव पोटाच्या पातळीला उतरतो, जोर वाया जातो आणि चुकला तर पायावर येतो. झाडं तोडायची पातळ कुऱ्हाड फोडायला वापरू नका, ती रुतून बसते. पाठीकडे जाड होत गेलेली, साधारण दोन किलोची कुऱ्हाड घ्या. दांडा धामणीच्या झाडाचा मिळाला तर सोनं: ते लाकूड लवचिक, हाताला हिसका देत नाही. रोज कामाआधी कुऱ्हाडीचं डोकं हलवून बघायचं. सैल असेल तर पाचर ठोकून घट्ट करायचं. पाण्यात भिजवून घट्ट केलेला दांडा वाळल्यावर पुन्हा सैल होतो, आणि ते कळतं घाव घालतानाच.

पाय खांद्याइतके फाकवून उभं राहायचं. नजर ओंडक्याच्या वरच्या तोंडावर नाही, ठोकळ्यावर. घाव लाकडातून पार जायचा आहे असं मनात धरायचं. कुऱ्हाड खाली येताना गुडघे वाकवायचे, म्हणजे नेम चुकलाच तर पातं जमिनीत जातं, नडगीत नाही. अण्णांनी मला पहिले दोन दिवस फक्त एवढंच करायला लावलं, बारीक लाकडावर. तिसऱ्या दिवशी ओंडका दिला. ते बरोबर होतं.

ओंडक्याच्या टोकावर आधीच उमटलेल्या बारीक चिरा असतात. घाव त्या चिरेवर घाला. गाठ असेल तर ती खालच्या अंगाला ठेवा आणि तिच्या बाजूने फोडा, मधून नाही. रुंद ओंडक्याला मधोमध मारून दमायचं नाही, कडेकडेच्या फळ्या काढत आत जायचं, कणसाची पानं सोलतात तसं. आंब्याचे धागे बऱ्याचदा एकमेकांत गुंतलेले असतात, त्याला हीच रीत. हट्टी गाठाळ तुकड्याला लोखंडी पाचर आणि घण. एक पाचर रुतली की दुसरी तिच्याच रेषेत पुढे ठोकायची. पाचरेच्या डोक्याला घणाने चपटी, कुरतडलेली कड आली असेल तर कानशीने घासून काढा, तिचे कण गोळीसारखे उडतात. डोळ्यांवर चष्मा हवाच.

एक सोपी युक्ती: ठोकळ्यावर जुना टायर ठेवून ओंडका त्यात उभा करा. फुटलेले तुकडे चहूकडे उडत नाहीत, आणि वाकून उचलायचं निम्मं काम वाचतं. माझी कंबर याच टायरमुळे टिकली.

रचणं

वादळाचं लाकूड बहुतेक वेळा मे-जूनमध्ये पडतं, म्हणजे नेमकं वाळवणाच्या वेळेआधी नाही तर नंतर. पहिल्या पावसाळ्यात ते वाळेल ही आशा सोडा. चार महिने त्याला फक्त भिजण्यापासून आणि जमिनीपासून वाचवायचं. खरं वाळणं दसऱ्यानंतर सुरू होतं आणि शिमग्यापासून वेग घेतं.

जमिनीवर लाकूड ठेवलं की खालून वाळवी आणि ओल दोन्ही येतात. जांभ्या चिऱ्यांच्या दोन ओळी फूटभर अंतरावर मांडा, त्यांवर दोन सरळ बांबू किंवा वासे आडवे टाका, आणि त्यावर रास. जमिनीपासून वीतभर तरी मोकळी जागा हवी, हात घालून झाडता आली पाहिजे. घराच्या भिंतीपासून दोन फूट दूर.

राशीची दोन्ही टोकं आधी उभारा: चार लाकडं आडवी, त्यांवर चार उभी, पुन्हा चार आडवी, अशी चौकट रचत न्या. हे खांब उभे राहिले की मधल्या जागेत सगळी लाकडं एकाच दिशेने टाका. फट राहू द्या. उंदीर आरपार जाईल पण मांजर नाही, एवढी फट चांगली. रास दक्षिणोत्तर ठेवली तर सकाळचं आणि संध्याकाळचं ऊन दोन्ही अंगांना मिळतं, आणि सकाळची मतलई (जमिनीकडून येणारा वारा) आणि दुपारचा खारा वारा आरपार जातो. एका ओळीमागे दुसरी चिकटवून लावू नका. दोन ओळींच्या मध्ये माणूस जाईल एवढी वाट ठेवली तर मागची ओळही वाळते.

छत फक्त वर. पत्रे, जुनी कौलं, माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं, काहीही चालेल, पण एका बाजूला उतार हवा. ताडपत्रीने चारी बाजू गुंडाळून ठेवलेली रास मी पुष्कळ अंगणांत बघते. आत वाफ धरते, लाकूड काळं पडतं, बुरशीचा वास येतो. बाजू उघड्याच हव्यात. तिरका पाऊस येतो त्या अंगाला मात्र पावसाळ्यात झापाची एक कूड लावायची.

उंची छातीपेक्षा जास्त नको, मुलं असतील तर कमरेइतकीच.

आमचा हिशेब सांगते. गॅस आहे, तरी अंघोळीचं पाणी, भाताचा मोठा टोप आणि अधूनमधून भाकऱ्या चुलीवर होतात. रोज साधारण सहा किलो वाळलेलं जळण लागतं. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, म्हणजे साडेसातशे किलोच्या आसपास. पाहुणे, गणपती आणि झड धरून मी एक टन ठेवते. साडेबारा फूट लांब, चार फूट उंच आणि दीड फूट खोल अशी ऐन-किंजळाची एक रास म्हणजे जवळपास तेवढं. आंब्याची असेल तर रास दोन-तीन फूट लांब करावी लागते.

वाळलं की नाही

दोन लाकडं एकमेकांवर आपटून खणखणीत आवाज येतो का बघा. ओलं लाकूड थप्प वाजतं. टोकांना किरणांसारख्या चिरा पडलेल्या दिसतात, रंग फिका होतो, साल हाताने सुटते. पण सगळ्यात खात्रीचा उपाय वजनाचा. रास लावताना तिच्या मधोमध एक मध्यम जाडीचं लाकूड खूण करून ठेवते आणि ताणकाट्यावर त्याचं वजन लिहून ठेवते. दर पंधरा दिवसांनी तेच लाकूड काढून तोलायचं. आधी वजन भराभर उतरतं, मग रेंगाळतं, आणि लागोपाठ तीन वेळा तेच भरलं की लाकूड तयार. माझं पहिलं खुणेचं आंब्याचं लाकूड १२०० ग्रॅमवरून ७८० वर येऊन थांबलं. म्हणजे एका लाकडातून ४२० ग्रॅम पाणी गेलं. ते पाणी मी चुलीत घातलं असतं तर आधी त्याची वाफ करायला आग खर्ची पडली असती, आणि थंड पडलेल्या ज्वाळेतून घरभर धूर झाला असता. घरातल्या बायकांचे डोळे आणि छाती पिढ्यानपिढ्या ज्याने गेली तो धूर अर्ध्याहून जास्त ओल्या लाकडाचा असतो, असं माझं ठाम मत आहे. लाकूड कोरडं असलं तरी चुलीवर धुराडं किंवा वर उघडी खिडकी हवीच.

आत घेणं, आणि सापांचं भान

रोहिणी लागली की, म्हणजे २५ मेच्या सुमाराला, वाळलेली रास पडवीत किंवा खोपीत हलवायची. मृगाची वाट बघू नका. वळवाचा एक पाऊस वरचा थर पुन्हा ओला करतो. जागा पुरत नसेल तर निदान महिनाभराचं आत घ्या. चुलीवर बांबूचा माच टांगलेला असेल तर दुसऱ्या दिवसाची लाकडं त्यावर चढवून ठेवायची, झडीतली हवेतली ओल त्याने मारली जाते.

रास म्हणजे उंदरांचं घर, आणि उंदीर आले की साप येतात. आमच्या भागात फुरसं सगळ्यात जास्त: हातभरही नसतं, दगड आणि सालीखाली बसतं, लाकडाच्याच रंगाचं. म्हणून रास झोपायच्या खोलीला लागून नको. धान्य आणि कोंड्याची पोती राशीजवळ नकोत. लाकूड काढताना आधी काठीने राशीवर ठोकायचं, मग वरून काढायचं, फटीत हात घालून ओढायचं नाही. रात्रीला लागणारी लाकडं उजेडातच काढून चुलीजवळ आणून ठेवायची. विजेरीशिवाय खोपीत पाय ठेवायचा नाही. चावलंच तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, चावलेला हात-पाय न हलवता सरळ सरकारी रुग्णालयात न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर प्रतिविष एकच आहे, ते कुठल्या रुग्णालयात ठेवलेलं असतं हे पावसाळ्याआधीच विचारून ठेवा.

खोपीत नवं लाकूड मागे आणि जुनं पुढे लावायचं, म्हणजे हात आपोआप जुन्याकडे जातो. गेरू भिजवून प्रत्येक ओळीच्या टोकावर ते कुठल्या साली फोडलं तो आकडा लिहिते. श्रावणात एखादी फांदी मोडून पडली तर तीही त्याच दिवशी फोडून वेगळ्या ओळीत जाते, आणि तिच्यावर या वर्षाचा आकडा पडतो. ज्या ओळीवर मागच्या सालचा आकडा आहे, चुलीत फक्त तीच जाते.